लांबची लेन्स

आमच्या दुकानात जिवंत माणसं स्वतःच्या पायांनी येतात आणि मेलेली माणसं कुणाच्या तरी मोबाईलमधून येतात. खालापूरला तहसील कचेरीजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. दाखला काढायचा, अर्ज भरायचा, म्हणून जिवंतांना फोटो लागतो. मेलेल्यांना भिंतीवर लागायचं असतं. घरातलं कुणीतरी येतं, डोळे सुजलेले असतात, मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, "ताई, ह्यातली ही माजी चुलती. हिला तेवढी काढून द्या. दहाव्याला लागंल."

फोटो हमखास कुणाच्या तरी हळदीचा असतो. पंधरा माणसं दाटीने उभी, आणि ती चुलती मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारी. मग मी तिला कॉम्प्युटरवर कापते. आजूबाजूची माणसं काढते, मागे निळं आभाळ नाहीतर गुलाबी पडदा टाकते. सगळ्यात किचकट काम असतं हातांचं. ग्रुप फोटोत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली असतात, त्यामुळे कापलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याची बोटं राहून जातात. शेजारच्या तालुक्यातला एक फोटोवाला ती तशीच ठेवून देतो. मी नाही. एकेक बोट पुसून तिथे साडीचा रंग भरते, ब्लाऊजची शिवण जुळवते. माझ्या हातून गेलेल्या एकाही माणसाच्या खांद्यावर कधी परका हात राहिला नव्हता, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

नवीन, माझा नवरा, कॅमेरा चालवतो. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही असं तो चारचौघांत सांगतो. सांगू दे. त्याने काढलेला प्रत्येक फोटो मी पडद्यावर मोठा करून बघितलेला आहे. त्याची लेन्स कुठे कमी पडते, हे त्याच्याआधी मला दिसतं.

ती लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यातून आलेली साधी लेन्स. दोन पावसाळ्यांत तिच्या काचेच्या आत बुरशी चढली. आमच्याकडच्या ओलीत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे काचेचं काय घेऊन बसलात. हळदीच्या मांडवात पिवळ्या बल्बखाली काढलेले चेहरे त्या लेन्समधून गढूळ यायचे आणि मी रात्र रात्र बसून ते उजळायचे. नवी लेन्स घ्यायची हे ठरलेलं होतं. कुठली, हेही ठरलेलं होतं. पन्नासची.

पन्नासची म्हणजे पन्नास मिलिमीटरची, आमटीच्या वाटीएवढी लेन्स. तिला लांब-जवळ करता येत नाही. तुम्हालाच पुढे-मागे सरकावं लागतं. पण ती उजेड ओढून घेते. मांडवातल्या अर्ध्या अंधारातही माणसाचा चेहरा असा येतो की पापण्या मोजाव्यात. आणि चांगल्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्त तीच. आमच्यासारख्यांसाठीच कुणीतरी बनवली असावी असं मला वाटायचं. तिच्यासाठी मी घरखर्चातून बाजूला टाकत होते, आणि त्यातून एकच लेन्स येणार होती. दुसरी घ्यायची म्हटलं तर वर्ष-दोन वर्षं थांबायला लागलं असतं.

मग आईंच्या तोंडात फोड आला.

आई म्हणजे माझी सासू, विमलबाई. आम्ही दोघं धंद्यापायी खालापूरला भाड्याच्या खोलीत, त्या मात्र पोशीरला. भाताची जमीन सोडून कुठे यायच्या नाहीत. सकाळी उठल्या की तळहातावर मशेरी घ्यायच्या आणि बोटाने दात घासत पायरीवर बसायच्या. जन्मभर घासली. फोड आला तेव्हा म्हणाल्या, दाढ दुखते. पनवेलच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आल्यावर त्यांनी नवीनला एकट्याला आत बोलावलं. डाव्या बाजूचं जबड्याचं हाड काढायला लागणार, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात, दिवाळीनंतर. "चेहरा बदलणार," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर किती, ते आत्ता सांगता येत नाही."

बाहेर बाकावर बसलेल्या आईंना नवीनने सांगितलं, "दाढ काढायची हाय, आये. मुळं खोल गेल्यात."

"मग काढा की," आई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने मला बजावलं, तिला काही कळता कामा नये. तिने धास्ती घेतली तर ती ऑपरेशनपर्यंत टिकायची नाही. मलाही तेव्हा ते पटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. ज्याला रोग झालाय तो सोडून अख्ख्या गावाला माहीत असतं.

त्या रात्री नवीन माझ्या कॉम्प्युटरसमोर बसला आणि आमच्याकडचे सगळे जुने फोटो उघडायला लागला. लग्नं, बारशी, हळदी. आईंचा चेहरा शोधत होता. प्रत्येक ठिकाणी त्या मागे होत्या, पदर पुढे ओढलेला, तांदळाच्या दाण्याएवढं तोंड. मोठं केलं की चौकोन चौकोन व्हायचे. आधार कार्डावरचा फोटो होता, पण त्यात त्या अशा दिसतात की जणू कुणाची कोंबडी चोरताना पकडलंय.

एकटीचा एकही नव्हता, कारण त्या काढूच द्यायच्या नाहीत. माझे सासरे, हरी, कारखान्यात नोकरी मिळतेय म्हणून एकदा नेरळच्या स्टुडिओत गेले होते. अर्जाला फोटो हवा होता. फोटोवाल्याने त्यांना स्वतःचा कोट आणि टाय घातला. नोकरीचा कागद यायच्या आधीच भाताच्या बांधावर त्यांना साप चावला. भिंतीवर लावायला तोच फोटो मोठा केला. जन्मात कधी कोट न घातलेला माणूस पोशीरच्या घरात आजही उसन्या कोटात लटकतोय. तेव्हापासून आईंनी डोक्यात घेतलं होतं, की एकट्याचा फोटो काढला की तो भिंतीवर जातो. चारचौघांत चालेल, एकटीचा नाही. आधारचा त्यांच्या हिशेबात धरलेला नव्हता, तो सरकारचा. आम्ही मोबाईल जरी समोर धरला तरी पदर तोंडावर यायचा. "माजा नको रं, तुमचं काढा."

ऑपरेशनच्या आधी तिचा एक चेहरा पाहिजे, नवीन म्हणाला. धड, पुरता चेहरा. त्याला दुसरं काही नको होतं.

कुंभिवलीला साईनाथ म्हणून त्याच्या ओळखीचा एक फोटोग्राफर होता. त्याने लग्नाची कामं सोडून हायवेला ढाबा टाकला होता आणि सामान विकायला काढलं होतं. नवीनने मला बरोबर नेलं. ढाब्याच्या मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांशेजारी, लोखंडी कपाटात त्याच्या लेन्स होत्या. पन्नासची होती. मी ती मोबाईलची बॅटरी मारून आरपार बघितली. आत जाळं नव्हतं, डाग नव्हता. कानाजवळ हलवून बघितली, काही खुळखुळलं नाही.

"हीच," मी म्हणाले.

नवीनने कपाटातून दुसरी काढली. पाण्याच्या बाटलीएवढी, लांब-जवळ होणारी. वावराच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस जवळ आणणारी.

"ही काय करायची?" मी विचारलं. "पक्षी काढणार काय तू? मांडवात ही आंधळी आहे. उजेड ओढत नाही, हात जरा हलला की सगळं पुसट. साईनाथदादा, तुम्ही सांगा ह्याला."

साईनाथ म्हणाला, "वहिनी, खरं सांगायचं तर लग्नाला पन्नासचीच कामाला येते. ही मी हौसंनं घेतलेली."

तरी नवीनने तीच घेतली. तेवढ्यावर भागेना म्हणून आमची बुरशी आलेली लेन्सही साईनाथला देऊन टाकली, तेवढीच किंमत कमी झाली. म्हणजे आता आमच्याकडे ही एक बाटली, आणि बाकी काही नाही.

येताना मोटारसायकलवर मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खालापूरच्या फाट्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढताच म्हणाला, "पन्नासच्या लेन्सनं फोटो काढायचा तर तिच्यापुढं दोन हातांवर जाऊन उभं रायला लागतं, छाया. काय सांगू तिला? कशाला काढतोय म्हनून सांगू?"

माझा राग मात्र गेला नाही, आणि तो राग कुणावर होता ते मला त्या वेळी नीट कळत नव्हतं.

दुकानात आमची शोभा झाली. छोट्याशा खोलीत त्या लेन्समधून माणसाचं नुसतं नाक यायचं. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आतल्या भिंतीला टेकवून नवीन दुकानाबाहेरच्या पायरीवर जाऊन उभा राहायचा. एक म्हातारे गृहस्थ उठून निघूनच चालले होते, त्यांना वाटलं फोटोवाला पळाला.

कापणी सुरू झाली तसा तो रोज सकाळी पोशीरला जाऊ लागला. दुकान उघडायच्या आधी जाऊन यायचा. वावराच्या कडेला आंब्याचं झाड आहे, त्याच्या मागून, कधी पेंढ्याच्या रचलेल्या भाऱ्यांआडून तो आईंवर लेन्स धरायचा. परत आला की कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्यापुढे ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

काय असायचं त्यात? आईंची पाठ. भात कापणारी बाई वाकलेली असते. ओणवी पाठ, विळा, पेंडी बांधणारे हात. त्या हातांचे मात्र फोटो सुंदर आले होते, बोटांच्या चिरा दिसत होत्या. तोंड वर करायच्या त्या फक्त घाम पुसायला, आणि घाम पुसायला पदर तोंडावर. एकदा त्या सरळ उभ्या राहिल्या, पण शेजारची जना आडवी आली. एकदा अगदी सरळ, एकट्या, मान वर करून बघत होत्या. तो फोटो मी मोठा केला. सकाळचा कमी उजेड, लांबची लेन्स आणि नवीनचा हात. हात हलला होता त्याचा. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग होता.

"नीट करता येतो का?" त्याने विचारलं.

"जे आलंच नाही ते मी कुठून आणू?" मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. तो उठून पायरीवर जाऊन बसला.

दिवाळी गेली. दवाखान्यातून तारीख आली. आणि त्या आठवड्यातल्या एका दुपारी, आम्ही गिऱ्हाईक नाही म्हणून डबा उघडत होतो, तर दारात आई.

आजवर त्या एकट्या कधी खालापूरला आल्या नव्हत्या. पोशीरहून सहा आसनी रिक्षाने नेरळ, तिथून कर्जत, तिथून एसटी. लग्नाकार्याची हिरवी नऊवारी नेसलेल्या, केसांना तेल, कपाळाला ठसठशीत कुंकवाच्या जागी बारीक काळं गोंदण. डावा गाल सुजलेला होता, पण फार नाही. आल्या त्या सरळ गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

"आये, तू कशी आलीस? कोनाबरोबर?" नवीन गडबडला.

"कोनाबरोबर नाय. पानी दे आदी."

मी पाणी दिलं. त्या उजव्या बाजूने हळूहळू प्यायल्या. मग नवीनकडे बघून म्हणाल्या, "आंब्यामागं कोन उभा रायचा रोज?"

नवीन उघडलेल्या डब्याला परत झाकण लावायला लागला.

"जना मनली, तुजा पोरगा झाडामागून पाखरं मारतो काय. मी मनलं, माज्या पोराची सावली मला कळत नाय व्हय? पयल्याच दिशी बगितला तुला. मनलं, काडूदे. चार दिस गेलं, तरी येतोच. मंग मला उमगलं." त्या थांबल्या. बोलताना त्यांना दुखत होतं. "दाढंसाठी कोन आपल्या आयचा चोरून फोटो काडतं रं?"

नवीन तिथेच खाली, त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. ज्या लेन्सने सगळं लपवायचं होतं तिनेच सगळं सांगून टाकलं होतं, आणि आई ते कळून किती दिवस एकट्या त्या घरात झोपत होत्या, ह्या विचाराने माझं काळीज फाटलं. आम्ही दोघं इथे, आणि त्या तिथे, उसन्या कोटातल्या नवऱ्यासमोर.

"उट," आई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "चोरून काडू नकोस. मी आले ना? काड."

नवीनने डोळे पुसून कॅमेरा घेतला. तो सवयीने पायरीकडे निघाला, तेवढ्यात आईंनी माझ्याकडे बघितलं.

"तू ये गं. माज्याबरोबर बस. एकटीचा नको मला."

"आई, तुमचाच पाहिजे त्याला."

"मंग नंतर काप की. मला एकटी करायची ती मागनं कर, मी नसताना. आता बस. तुजं कामच हाय ना ते?"

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं, जसं काही भाजी निवडायला सांगतायत. मी हात पुसून त्यांच्याजवळ गेले.

दोघी म्हटल्यावर पायरीही पुरेना. आम्ही दोघी लेन्समध्ये मावत नव्हतो. शेवटी बाकडं ओढून दारात ठेवलं, उजेडात, आणि नवीन रस्ता ओलांडून पलीकडे गेला, चहाच्या टपरीच्याही मागे, भिंतीला पाठ लावून. मधून रिक्षा जात होत्या, टेंपो जात होते. कचेरीत आलेली माणसं थांबून बघायला लागली. नवीन कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि कुणीतरी आडवं जायचं.

"एवड्या लांब कशाला गेलास रं?" आई ओरडल्या. ओरडताना त्यांनी गाल धरला. "जवळ ये की! आता कोनाला घाबरतोस?"

"जवळून येत नाय, आये," नवीन पलीकडून ओरडला. "ही लेन्स जवळून घेत नाय."

आई माझ्याकडे वळल्या. "काय मनतो?"

"जवळची घेणार होतो," मी म्हणाले. "मग ही घेतली." आणि मीही रडले. तेव्हा मला कळलं माझा राग कुणावर होता तो. कुणावरच नव्हता. दोन हातांवर उभं राहून आपल्या आईला खरं सांगायची ताकद आम्हा दोघांतही नव्हती, म्हणून आम्ही साठवलेलं सगळं घालून लांबून बघायचं यंत्र विकत आणलं होतं.

"रडू नको. फोटो खराब येल," आई म्हणाल्या. त्यांनी माझा हात घेतला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला, वरून थोपटला. "हां. असा ठेव."

मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. मी त्यांना कधी तसं बसलेलं बघितलं नव्हतं, मान ताठ, रस्त्यापलीकडे आपल्या मुलाकडे सरळ बघत. एक एसटी गेली, धूळ खाली बसली, आणि नवीनने बटण दाबलं.

तो फोटो चांगला आला. मी सगळे मोठे करून बघते, हाही बघितला. डोळे लख्ख, गोंदण लख्ख, गालाची सूज सुद्धा आईंनी मान जराशी फिरवल्यामुळे दिसत नव्हती. भर दुपारचा उजेड होता, आणि नवीनने ह्या वेळी कॅमेरा भिंतीला टेकवून धरला होता.

ऑपरेशन झालं. डावी बाजू आत गेली, बोलणं गेलं, जेवण नळीने. आम्ही त्यांना खालापूरलाच आणलं. नवीन रोज रात्री त्यांच्याजवळ बसायचा, अगदी जवळ, पण त्या दिवसांत त्याने त्यांच्यावर कॅमेरा कधी धरला नाही. त्या काही सांगायच्या झाल्या तर बोटांनी सांगायच्या. एकदा मी कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी काकांना कापत होते, तर मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटला, त्या दिवशी माझ्या हातावर थोपटला होता तसा. भाताच्या पेरणीच्या आधी त्या गेल्या.

फोटो दहाव्याला हवा होता. नवीन म्हणाला, कापू नको, आहे तसाच लावू. पण त्याच्या चुलत्यांनी ऐकलं नाही. फोटोत जिवंत माणूस असेल तर त्याला हार कसा घालायचा? त्यांचं बरोबर होतं. आईंनीही कापायलाच सांगून ठेवलं होतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले. आधी माझा चेहरा काढला. मग साडी, मग दंड. सोपं होतं, हात सवयीने चालत होता. मागे दुकानाचं दार होतं, तिथे साधा राखाडी रंग टाकला; निळं आभाळ मला टाकवलं नाही. मग खांद्याशी आले. हिरव्या लुगड्यावर चार बोटं. मी त्यांच्यावर लुगड्याचा रंग आणून ठेवला, काठ जुळवला. एक बोट गेलं. मी ते पुन्हा परत आणलं.

नवीन मागून बघत होता. "बोटं राहिली," तो म्हणाला.

"राहू दे."

साईनाथने ती पन्नासची आमच्यासाठी ठेवून दिली होती, ती आम्ही पुढच्या लग्नसराईत घेतली. मांडवात फार छान चेहरे येतात तिच्यातून. लांबची नवीनने विकली नाही, आणि वापरतही नाही.

आई पोशीरच्या भिंतीवर उसन्या कोटाच्या शेजारी आहेत. दहाव्याला जना फ्रेमच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ही कोनाची गं बोटं, विमलच्या खांद्यावर? नीट कापता नाय आलं व्हय तुला?"

"माझी आहेत," मी म्हणाले. "त्यांना एकटीचा नको होता."